अवधूतांचे बालक आणि आमची शाळा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आषाढातली गोष्ट. कृष्णा-पंचगंगेला पाणी चढलं होतं. दक्षिणद्वार होणार असं कळलं म्हणून मी आदल्या रात्रीच नृसिंहवाडीला मुक्कामाला गेलो होतो. पहाटे स्नान झालं, महाराजांच्या कृपेने दर्शनही निवांत झालं. देवळात पाणी आलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात आणतात, तिथेच एका कडेला जप करत बसलो होतो. एवढ्यात खिशातला फोन वाजला. भाचीचा होता.

ही माझी भाची यंदाच शिक्षणसेविका म्हणून लागली. पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि शाळा मिळाली नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावर. आमच्या घराण्यात कोल्हापूर-सांगलीच्या पलीकडे नोकरीला कुणी गेलेलं नाही. ही तेवीस वर्षांची पोर एकटी गेली. शाळेजवळ रेंज नाही. चढावरच्या एका वळणावर उभं राहिलं तर फोन लागतो, तोही ढग नसले तर. त्यामुळे तिचं बोलणं नेहमी तार केल्यासारखं असतं. खुशाली वगैरे काही नाही, एकदम मुद्दा.

त्या दिवशी ती म्हणाली, "मामा, एक विचारू? मुलांनी आपल्याला मान द्यावा असं वाटणं चूक आहे का हो?"

एकतीस वर्षं मी शाळेत काढली. गुरुचरित्राची किती पारायणं झाली याचा हिशेब ठेवलेला नाही. तरी चटकन उत्तर देता येईना. "रात्री फोन कर," एवढं म्हणालो आणि जपाची माळ हातात धरून नुसता बसून राहिलो. समोर देव होते. पाणी आलं म्हणून आपली जागा सोडून वर येऊन बसलेले. त्यांना त्यात काही कमीपणा वाटला असेल असं दिसत नव्हतं.

संपादकांनी या अंकासाठी 'गुरुतत्त्व' या विषयावर काहीतरी लिहा म्हणून आग्रह केला, तेव्हा माझ्यापाशी तत्त्व असं काही नव्हतं. हा प्रश्न मात्र होता. म्हणून तोच लिहितो.

तिच्याकडे घडलं होतं ते असं. शाळा द्विशिक्षकी. दुसरे गुरुजी मुख्याध्यापकही तेच. माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, तालुक्याच्या बैठका यांतून त्यांना वर्ग मिळतो तो आठवड्यातले दोन-तीन दिवस. म्हणजे पहिली ते तिसरी हिच्याकडे आणि बऱ्याचदा उरलेले वर्गही. मुलांच्या घरात पावरी बोलतात. हिचं मराठी शुद्ध कोल्हापूरचं. डी.एल.एड.ला असताना सराव पाठांत हिला चांगले गुण पडले होते, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. पण ते पाठ ज्या मुलांसमोर घेतले त्यांना मराठी येत होतं. इथे पहिल्या महिन्यात हिने बोलावं आणि मुलांनी नुसतं बघावं. त्यात तिसरीतली एक मुलगी, हिने तोंड उघडलं की हसायची. एक हसली की सगळे हसायचे. चार-पाच दिवस हिने सोसलं. मग एक दिवस ओरडली आणि त्या मुलीला वर्गाबाहेर बसवलं. मुलगी थोडा वेळ ओट्यावर बसली, मग उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. फोन आला तो चौथा दिवस.

वर्ग गप्प झाला होता. कुणी हसत नव्हतं. "पण मामा, आता कुणी काहीच करत नाही," भाची म्हणाली.

नव्या शिक्षकाला सगळे एकच सल्ला देतात. मलाही दिला होता. पहिले दोन महिने मुलांसमोर हसायचं नाही. एकदा ढिलं सोडलंत की वर्ग हातात येत नाही. या सल्ल्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पन्नास मुलं एकदम बोलायला लागली तर ज्याला शिकायचं आहे त्यालाही ऐकू येत नाही. पण सल्ला देणारा एक गोष्ट सांगत नाही, कारण त्यालाही ती कुणी सांगितलेली नसते. वर्ग शांत ठेवायचा तो मुलांना शिकता यावं म्हणून, की आपली छाती धडधडायची थांबावी म्हणून? बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. तपासायला आलेल्या साहेबांनाही फरक कळत नाही. आतल्या मुलांना कळतो.

आपण दत्तभक्त. आपल्याकडे 'गुरू' हा शब्द फार मोठा. त्यामुळे नेमणुकीचा कागद हातात आला आणि गावातल्या बायाबापड्यांनी 'गुरुजी' म्हणून हाक मारली, की माणूस नकळत त्या शब्दाच्या मापाचं वागायला लागतो. अंगात शर्ट लहान मुलाचा आणि वर बाराबंदी आजोबांची, तसं होतं ते. मला तर त्या हाकेनं अगदी भरून यायचं. वय एकवीस.

भागवताच्या एकादश स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला यदुराजाची आणि अवधूतांची गोष्ट सांगतात, ती आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. हे अवधूत म्हणजेच आपले दत्तमहाराज, अशी आपली श्रद्धा. राजा विचारतो, तुम्ही इतके आनंदात कसे? अवधूत चोवीस गुरूंची नावं सांगतात. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी यांपासून सुरुवात करून अजगर, मधमाशी, टिटवी, पिंगला, बाण घडवणारा कारागीर, कोळी, कुंभारमाशी. आमच्या घरी चातुर्मासात एकनाथी भागवत वाचायची वडिलांपासूनची रीत आहे, त्यामुळे ही यादी लहानपणी पाढ्यांसारखी पाठ होती. पण शिक्षक झाल्यावर कितीतरी वर्षांनी एक गोष्ट ध्यानात आली. या चोवीस जणांपैकी एकालाही आपण गुरू आहोत हे माहीत नव्हतं. अजगर अवधूतांना काही शिकवायला पडून राहिला नव्हता. बाण घडवणाऱ्यानं तर समोरून राजाची मिरवणूक गेली तीही पाहिली नाही, कडेला उभा असलेला अवधूत तो काय पाहणार! त्यांना गुरुपद दिलं ते शिकणाऱ्यानं. मागून कुणी घेतलेलं नाही.

म्हणून मला वाटतं, गुरुपद ही शिकणाऱ्याच्या हातातली वस्तू आहे. जिल्हा परिषद नोकरी देऊ शकते, पगार देऊ शकते. गुरुपद देणं तिच्या हातात नाही. पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून गेले, १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. उणीपुरी सहा वर्षं. तेवढ्यात वसतिगृहातल्या पोरांची खोली झाडत, त्यांचे कपडे धूत ते 'गुरुजी' झाले आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राचे गुरुजी राहिले.

त्या चोविसांत एक नाव आहे बालकाचं. त्याच्यापासून अवधूत काय शिकले? मान आणि अपमान दोन्ही नसणं. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ यादीतच होतं आणि मला सुचलं नव्हतं. मान हवासा वाटतो म्हणून जी मुलगी रडकुंडीला आली, तिच्यासमोर तीस-पस्तीस गुरू बसले होते, आणि नेमका तोच धडा द्यायला बसले होते!

पण इथे माझी एक शंका आहे. अवधूतांच्या वचनावर शंका घेतो असं कुणी समजू नये, शाळेतला माणूस म्हणून बोलतो. त्यांनी पाहिलेलं बालक अंगणात खेळणारं तान्हं असावं. तिसरी-चौथीतल्या मुलाला मान-अपमान नसतो हे मी कसं म्हणू? त्याच्याइतका अपमान कुणाला लागत नाही. मग तान्ह्या वयात नसलेली ही गोष्ट त्याला मधल्या काळात येते कुठून? शाळेच्या वेळापत्रकात या विषयाला तासिका नाही, पुस्तक नाही. तरी पहिल्याच महिन्यात तो शिकवून पुरा होतो. शिकवणारे आम्हीच.

मी शिकवला त्याची गोष्ट आता लिहिलीच पाहिजे. त्या रात्री भाचीला सांगितली. त्याआधी चाळीस वर्षांत घरातही कुणाला सांगितली नव्हती.

१९८४ चा जुलै. शिरोळ तालुक्यातल्याच एका लहान गावात माझी पहिली शाळा. तिसरी-चौथी एकत्र, एक्केचाळीस मुलं. हातच्याची वजाबाकी चालू होती. फळ्यावर ५०३ वजा २६७ मांडलं. तिनातून सात जात नाहीत. दशकाच्या घरात शून्य, म्हणून शतकाकडून एक आणायचा. तो दशकात आला की तिथे दहा होतात, त्यातला एक एककाला दिला की नऊ उरतात. ते नऊ करायला मी विसरलो. दहातून सहा गेले, चार. उत्तर लिहिलं २४६.

मागच्या ओळीतून एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, चुकलंय. दोनशे छत्तीस येतंय की."

हा मुलगा भाजीवालीचा. बाजारच्या दिवशी आईबरोबर बसायचा आणि सुट्टे पैसे तोच द्यायचा. पोरं हसली. त्याच्याकडे बघून हसली की माझ्याकडे, हे मी पाहिलंच नाही. माझे कान तापले. "मोठा शहाणा लागून गेलास!" म्हणालो आणि त्याला कोपऱ्यात अंगठे धरून उभं केलं. तास संपेपर्यंत.

संध्याकाळी खोलीवर दुसऱ्या दिवसाचं टाचण काढायला बसलो तेव्हा तेच गणित पुन्हा केलं. २३६ आलं. पुन्हा केलं. २३६च.

त्या रात्री मी मनाशी जे बोललो ते आजही स्पष्ट आठवतं. महिनाभरात आपण चूक कबूल केली तर पुढे कोण जुमानेल? शिक्षकाचा शब्द वर्गात खालावला की नुकसान मुलांचंच. माझ्या अहंकाराला मी मुलांच्या हिताचा अंगरखा घातला आणि झोपलो. सकाळी शाळेत लवकर जाऊन फळा पुसला. दुसरं गणित घेतलं. गोष्ट तिथंच मिटली असं वाटलं.

मुलगा रोज यायचा. गप्प बसायचा. मी मनात म्हणायचो, सुधारला.

बारा दिवसांनी वह्या तपासत होतो. त्याच्या वहीत ८०१ वजा ३५४ असं गणित होतं. उत्तर यायला हवं ४४७. त्यानं लिहिलं होतं ४५७. मला आधी वाटलं, घाईत चुकला. खालचं पाहिलं, त्याच्या खालचं पाहिलं. जिथे मधे शून्य होतं तिथे प्रत्येक ठिकाणी त्यानं नऊच्या जागी दहा धरले होते. माझी चूक त्यानं नेटानं शिकून घेतली होती.

वाचकहो, हातावर वळ उठवला असता तरी तो चार दिवसांत गेला असता. या मुलाला बरोबर येत होतं. ते बरोबर आहे असा त्याला भरवसाही होता, नाहीतर तो भर वर्गात बोलला नसता. तो भरवसा मी काढून घेतला आणि त्या जागी माझी चूक ठेवली. आज कायदा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मुलाला शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे आणि मानसिक छळालाही. आज मी ते केलं असतं तर माझ्यावर कारवाई झाली असती, आणि योग्य झाली असती. पण कायदा अंगठे धरायला लावल्याबद्दल बोलेल. वहीतल्या त्या ४५७ बद्दल कोण बोलणार?

आमचे हेडगुरुजी निवृत्तीला आलेले होते. दर गुरुवारी शाळा सुटली की सायकलवरून वाडीला पालखीला जायचे. कधी उपदेश करायचे नाहीत, स्वभावच नव्हता. त्यांना वही दाखवून मी सगळं सांगितलं. म्हणालो, "उद्या मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला बोलावतो आणि सांगतो."

ते म्हणाले, "अंगठं कुठं धराय लावलंसा?"

"वर्गात."

"मग हे का कोपऱ्यात?"

एवढंच बोलून ते सायकलची हवा बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी तेच ५०३ वजा २६७ फळ्यावर मांडलं आणि सांगितलं की त्या दिवशी माझं चुकलं होतं, याचं बरोबर होतं, आणि मी याला उगाच शिक्षा केली. घसा कोरडा पडला होता. आता पोरगा रडेल किंवा काहीतरी होईल असं मला वाटत होतं. त्यानं वही उघडली, ती सगळी गणितं पाहिली आणि विचारलं, "मग आता कुठलं लिवायचं, गुरुजी?"

माफी त्यानं ऐकलीही नसावी. त्याला उत्तर कुठलं धरायचं ते हवं होतं. अवधूतांचं बालक मी पाहिलं असेन तर ते त्या क्षणी.

त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि विचारलं, तुला त्या दिवशी २३६ कसं आलं होतं? त्यानं उसना वगैरे काही घेतलं नव्हतं. तो म्हणाला, दोनशे सदुसष्टला तेहतीस घातलं की तीनशे. तीनशेला दोनशे तीन घातलं की पाचशे तीन. तेहतीस आन दोनशे तीन, दोनशे छत्तीस. बाजारात सुट्टे परत देतात तसं. मधलं शून्य त्याच्या वाटेत आडवं येतच नव्हतं. डी.एड.च्या दोन वर्षांत ही रीत मला कुणी दाखवली नव्हती. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तिसरीला मी वजाबाकी आधी अशीच शिकवली, हातचा मागाहून.

त्यानंतर वर्गात काही स्वर्ग उतरला नाही, हेही सांगायला हवं. पुढचे आठ-दहा दिवस पोरं माझ्या चुका शोधत बसली. वेलांटी ऱ्हस्व-दीर्घ झाली तरी चार जण उठून उभे. गोंगाट वाढला. एक-दोघांनी घरी जाऊन 'गुरुजीलाबी येत न्हाई' असं सांगितलं आणि एक पालक ते विचारायला शाळेत आले. पण फळ्यावरचं गणित एक्केचाळीस जण आपापल्या वहीत करून बघायला लागले होते. आणि तो मुलगा? बोलायला लागला, पण पूर्वीसारखा एकदम नाही. आधी इकडेतिकडे बघायचा, मग बोलायचा. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली. घरची कारणं होती, मला माहीत आहेत. तरी त्या कारणांत माझे ते बारा दिवस कुठे बसतात का, हा प्रश्न मधूनच पडतो. गुरुवारी जास्त पडतो.

कुणी म्हणेल, गुरुचरित्रात तर गुरूनं शिष्याची केवढी कठोर परीक्षा घेतलीय! सोळावा अध्याय घ्या. धौम्यऋषींच्या सांगण्यावरून अरुणी शेतातलं पाणी अडवायला बांधाला स्वतः आडवा पडला. उपमन्यू गाई राखायचा, त्याला भिक्षेचं अन्न मिळेना, वासरांच्या तोंडचं दूधही मना झालं, शेवटी रुईचा चीक डोळ्यांत जाऊन आंधळा झाला आणि आडात पडला. मग एका मुलाला अर्धा तास उभं केलं तर काय मोठंसं?

हा प्रश्न मी स्वतःलाच पुष्कळदा विचारलाय, कारण माझ्या सोयीचा आहे. त्यावर मला दोन गोष्टी दिसतात. तो अध्याय शिष्यानं आपली निष्ठा तपासायला वाचायचा आहे. सिद्धमुनी तो नामधारकाला सांगतात, शिकायला आलेल्याला सांगतात. गुरूनं तो आपल्या हक्काची सनद म्हणून वाचायला घेतला तर अर्थ उलटाच होतो. बायकोनं वाचायची पतिव्रतेची पोथी नवऱ्यानं तिला वाचून दाखवावी, तसं ते.

आणि दुसरी गोष्ट. अरुणी आला नाही तेव्हा धौम्यऋषी काय करतात? आश्रमात बसून 'येईल झक मारत' म्हणत नाहीत. शेतापर्यंत जातात आणि हाक मारतात. उपमन्यू परतला नाही तेव्हा रानात शोधत जातात, तिथेही हाक मारतात. त्या दोन्ही गोष्टींत शिष्याची कसोटी आपल्याला लक्षात राहते. गुरू उठून शोधायला गेला हे आपण वाचून पुढे जातो. मी कितीतरी वर्षं गेलो.

रात्री भाचीचा फोन आला तेव्हा मी तिला माझी गोष्ट सांगितली आणि सोळाव्या अध्यायातलं हे सांगितलं. मान हवासा वाटणं चूक नाही, असंही सांगितलं. परक्या मुलखात, भाड्याच्या खोलीत, पहिली तीन वर्षं महिना १६,००० रुपये मानधनावर राहणाऱ्या पोरीला दिवसअखेर कुणीतरी चांगलं म्हणावं असं वाटणारच. भूक लागणं पाप नाही. मुलांच्या डब्यातलं काढून ती भागवू नये, एवढंच. तिला ते पटलं की नाही कळलं नाही, कारण मधेच फोन तुटला.

गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' मी तिला पोस्टानं पाठवलं. त्यातला नवा शिक्षकही पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि मुलं त्याची पार फजिती करतात. मोठमोठ्या माणसांच्या पुस्तकातसुद्धा पहिला दिवस फसतो, हे वाचून पोरीला बरं वाटेल असा हिशेब होता.

पुढचं तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर ती त्या मुलीच्या घरी गेली. पाडा म्हणजे घरं एका जागी नसतात, प्रत्येकाचं आपापल्या शेतात, एका टेकाडावर एक. चौथीतला एक पोरगा वाट दाखवायला बरोबर होता. मुलगी बकऱ्या घेऊन वर गेलेली. हिनं खालूनच तिच्या नावानं हाक मारली. मुलीनं वरून पाहिलं आणि बकऱ्यांच्या मागे लपली. मग आजी बाहेर आली. आजीला मराठी येईना, हिला पावरी. चौथीतला पोरगा दुभाष्या.

त्यात उलगडा झाला तो असा, की ती मुलगी हिची टिंगल करतच नव्हती. भाची वर्गात दर दोन वाक्यांनी एक शब्द बोलायची, आपला साधा मराठी शब्द, आणि त्याच्यासारखा ऐकू येणारा त्यांचा शब्द भलताच होता. आजीलाही तो ऐकून हसू आवरेना. कोणता शब्द, ते भाचीनं मला सांगितलं नाही. "मामा, तुम्हाला नाही सांगता येणार," म्हणाली आणि वळणावर एकटीच हसत उभी राहिली असावी. महिनाभरात तिचं हसू मी प्रथमच ऐकलं.

मुलगी सोमवारी शाळेत आली. त्या दिवसापासून दोघींत ठरलं. परिपाठ झाला की मुलीनं बाईंना एक शब्द शिकवायचा, बाईंनी तो फळ्यावर देवनागरीत लिहायचा, आणि मुलांनी तपासायचा. उच्चार चुकला की वर्ग हसतो. हसून झालं की मग मराठी शब्द. भाचीनं त्यासाठी निराळी वही केली आहे. त्या वहीवर 'श्री' काढलाय, खाली तारीख आणि त्या मुलीचं नाव. साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, हे कोणत्या योजनेत बसतं? ती म्हणाली, कशात नाही. साहेबांनी काही लिहिलं नाही, वही मात्र उलटसुलट करून पाहिली.

दिवाळीनंतर पाडा अर्धा रिकामा झाला. तिकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलं बरोबर. जाण्याच्या आदल्या दिवशी भाचीनं त्या मुलीला शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, पावसापाण्यात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. फडापाशी शाळा असेल का, असली तर हे मराठी कार्ड तिथे कुणी वाचेल का, तिला ठाऊक नाही. मी इथे बसून काय सांगणार? दत्तजयंतीला वाडीला जाईन तेव्हा महाराजांच्या कानावर घालीन.

वहीत एकशे चार शब्द झाले आहेत. एकशे पाचव्यासाठी भाचीनं पान कोरं ठेवलंय, दुसऱ्या कुणाला सांगू देत नाही. होळीला ती माणसं परत येतात.